प्रश्न-परीक्षेचे शास्त्र : रुग्णशिक्षणाच्या अभ्यासाची आखणी आणि सर्वेक्षण-पद्धतींची पारख

आयुर्वेदाचा अवलंब किती लोक करतात, या प्रश्नाला राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने दोन निरनिराळी उत्तरे दिलेली आहेत. जानेवारी ते जून २०१४ या काळात झालेल्या ७१ व्या फेरीत उपचार घेतलेल्या आजारांपैकी सुमारे ९० टक्के आजारांसाठी अ‍ॅलोपॅथीचा आश्रय घेतलेला आढळला. आयुषसह इतर सर्व पद्धतींचा वाटा जेमतेम ५ ते ७ टक्के होता. पुढे जुलै २०२२ ते जून २०२३ या काळात ७९ व्या फेरीत केवळ आयुष या विषयाला वाहिलेले पहिले देशव्यापी सर्वेक्षण झाले. त्यात १,८१,२९८ कुटुंबांची पाहणी करण्यात आली. १५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींपैकी ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के आणि शहरी भागात सुमारे ५३ टक्के व्यक्तींनी मागील ३६५ दिवसांत रोगप्रतिबंधासाठी अथवा उपचारासाठी आयुषचा अवलंब केल्याचे दिसून आले.

आपल्या सभा-संमेलनांत दुसरा आकडा अभिमानाने सांगितला जातो, तर आपले टीकाकार पहिला पुढे करतात. वास्तविक दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. पहिल्या पाहणीने मागील १५ दिवसांतील आजारपणे मोजली, दुसरीने मागील ३६५ दिवसांतील व्यक्ती मोजल्या. पहिलीत केवळ उपचार घेतलेला आजार धरला, दुसरीत प्रतिबंधासाठी केलेला अवलंबही धरला. वर्षातून एकदा काढा घेतलेली व्यक्ती दुसऱ्या पाहणीत जमेस येते, पहिलीत ती येण्याची शक्यता फार थोडी. मध्यंतरी कोविडची साथ येऊन गेली, त्यामुळे लोकांच्या आचरणातही काही बदल झाला असेल. तथापि ५ ते ७ टक्के आणि ४६ टक्के यांतील दरीचा मोठा भाग प्रश्नाच्या रचनेतून आलेला आहे, हे मान्य करावे लागते.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. जाफराबादसारख्या तालुक्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधु-भगिनींनी आणि औषधी दुकानदारांनी एखादा छोटा शैक्षणिक अभ्यास हाती घ्यावयाचा ठरविल्यास त्याची आखणी कशी करावी, माहिती गोळा करण्याच्या पद्धतींची पारख कशी करावी आणि मिळालेल्या उत्तरावर कितपत विसंबावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

शैक्षणिक अभ्यास म्हणजे काय?

चरकाचार्यांनी विमानस्थानात ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. शिकणे, शिकविणे आणि जाणकारांशी चर्चा करणे ही तिन्ही कार्ये आपण नित्य करीत असतो. आपला शिष्यवर्ग मात्र महाविद्यालयातील विद्यार्थ्यांपुरता मर्यादित नाही. चूर्णाची पुडी हाती घेऊन घरी जाणारा प्रत्येक रुग्ण हा काही मिनिटांचा का होईना, आपला विद्यार्थी असतो. मात्रा किती, औषधकाल कोणता, अनुपान काय, पथ्य कोणते, हे चार धडे आपण त्याला देतो. ते त्याला कितपत उमगले आणि त्याने ते कितपत आचरणात आणले, याची पद्धतशीर तपासणी म्हणजेच शैक्षणिक अभ्यास होय.

हा विषय किरकोळ नाही. चरकाने दहा औषधकाल वर्णिले आहेत, शार्ङ्गधराने पाच. एवढा सूक्ष्म विचार ज्या शास्त्राने केला, त्या शास्त्राचे औषध रुग्ण घरी कसे घेतो याची नोंद बहुतेक दवाखान्यांत नसते. औषधाने गुण आला नाही तर निदान चुकले, औषध हलक्या प्रतीचे निघाले की रुग्णाने ते सांगितल्याप्रमाणे घेतलेच नाही, हे आपल्याला सांगता येत नाही. या अज्ञानाची किंमत अखेरीस रुग्ण मोजतो आणि काही अंशी आपले शास्त्रही मोजते.

प्रथम निर्णय, मग प्रश्न

अनेक पाहण्या प्रश्नावली छापण्यापासून सुरू होतात आणि तेथेच त्यांचे नशीब ठरते. आमच्या मते आरंभी एका कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहावे : या अभ्यासाचे उत्तर ‘होय’ आले तर आपण काय करू आणि ‘नाही’ आले तर काय करू? दोन्ही वेळी आपण तेच करणार असू, तर तो अभ्यास करण्याचे कारण नाही.

उदाहरणादाखल पुढील प्रश्न घेऊ. औषध देताना केवळ तोंडी सूचना देणे आणि सचित्र पत्रिका देऊन सूचना रुग्णाकडून परत वदवून घेणे, या दोहोंपैकी दुसऱ्या पद्धतीने दहाव्या दिवशी रुग्णाचे औषधसेवन अधिक अचूक होते काय? उत्तर ‘होय’ आल्यास तालुक्यातील सर्व दवाखान्यांनी पत्रिका छापून घेणे आणि प्रत्येक रुग्णामागे दोन-तीन मिनिटे अधिक देणे योग्य ठरेल. उत्तर ‘नाही’ आल्यास तो खर्च व वेळ अन्यत्र लावता येईल. येथे उत्तरावर निर्णय अवलंबून आहे, म्हणून हा प्रश्न अभ्यासयोग्य आहे.

या प्रश्नात चार गोष्टी निश्चित झालेल्या आहेत : कोणाचा अभ्यास (औषध घेऊन जाणारा प्रौढ रुग्ण), कोणता उपाय (पत्रिका व परत वदवून घेणे), कशाशी तुलना (तोंडी सूचना) आणि कोणते फलित केव्हा (दहाव्या दिवशीचे अचूक सेवन). यांपैकी एकही गोष्ट मोघम राहिली तर पुढील सर्व आकडेमोड व्यर्थ जाते.

फलित कोणते मोजावे?

आपल्या शिबिरांच्या व चर्चासत्रांच्या अखेरीस जो अभिप्राय-अर्ज भरून घेतला जातो, त्यात प्रायः ‘व्याख्यान कसे वाटले?’ असा प्रश्न असतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या : आवडले काय, समजले काय, आचरणात आले काय आणि त्यातून अपेक्षित परिणाम घडला काय. आपला अभिप्राय-अर्ज पहिल्याच पायरीवर थांबतो. रंजक व्याख्यान आवडते, परंतु तेवढ्यावरून दवाखान्यातील आचरण बदलले असे म्हणता येत नाही.

समजले काय, हे तपासण्याचा एक उत्तम धडा शालेय शिक्षणाच्या क्षेत्रातून मिळतो. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ ही पाहणी होऊ लागली. तिच्या जिल्हावार पाहणीत प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातून ३० गावे आणि प्रत्येक गावातून २० घरे निवडण्याची पद्धत रूढ झाली. या पाहणीत ‘तुमच्या मुलाला वाचता येते का?’ असे पालकांना विचारून काम भागविले जात नाही. मुलासमोर अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद व गोष्ट ठेवून ते प्रत्यक्ष वाचून घेतले जाते. शिवाय ही तपासणी घरी होते. त्यामुळे शाळेत न जाणारे किंवा त्या दिवशी गैरहजर असलेले मूलही मोजणीत येते.

हेच तत्त्व आपण घ्यावे. ‘मात्रा माहीत आहे का?’ असे विचारू नये. रुग्णाला त्याच्याच घरातील चमच्याने चूर्ण काढून दाखविण्यास सांगावे आणि ते वजनकाट्यावर तोलावे. घरोघरचे चमचे सारखे नसतात. काठोकाठ भरलेला आणि शीग लावलेला चमचा यांतही मोठा फरक पडतो. ‘अर्धा चमचा’ या आपल्या सूचनेचा घरात काय अर्थ होतो, हे केवळ विचारून कधीच कळणार नाही.

प्रश्नाची भाषा

रोगीपरीक्षेच्या दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रयीत प्रश्नाला स्वतंत्र स्थान आहे. नाडी पाहताना बोटांचा दाब महत्त्वाचा, तसा प्रश्न विचारताना शब्दांचा दाब महत्त्वाचा असतो. मराठीतील एक इवलासा ‘ना’ संपूर्ण पाहणी बिघडवू शकतो. ‘औषध वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला ‘होय’ याखेरीज दुसरे उत्तर देणे आपल्या समाजात उद्धटपणाचे मानले जाते आणि तेही डॉक्टरांसमोर! पुढील काही उदाहरणे पाहावीत.

१. सदोष : ‘औषध नियमित घेतले ना?’
सुधारित : ‘औषध घ्यायचे पुष्कळांकडून राहून जाते. मागच्या तीन दिवसांत तुमचे किती वेळा राहिले?’

२. सदोष : ‘पथ्य पाळता का?’
सुधारित : ‘काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्ले ते सांगा.’

३. सदोष : ‘औषध व पत्रिका उपयुक्त वाटली का?’ (येथे दोन प्रश्न एकात गुंतले आहेत.)
सुधारित : दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत.

४. सदोष : ‘औषध अभक्त काली घेतले का?’
सुधारित : ‘काल हे औषध घेतले तेव्हा त्याआधी काही खाल्ले-प्याले होते का? काय?’

चौथ्या उदाहरणावर थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. ‘अभक्त’ हा शब्द आपल्यापुरता आहे. रुग्ण ‘अनशापोटी’ किंवा ‘उपाशीपोटी’ म्हणतो. जाफराबाद परिसरातील उर्दूभाषक कुटुंबांत ‘नहार मुँह’ म्हटले जाते. अनेकांच्या मते सकाळचा चहा घेतल्याने उपाशीपण मोडत नाही. म्हणून ‘अनशापोटी घेतले का?’ यास आलेले ‘होय’ हे उत्तर चहासह आहे की चहाविना, हे स्पष्ट होत नाही. प्रश्नावली दोन भाषांत असेल तर एका व्यक्तीने मराठीतून उर्दूत आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीने उर्दूतून पुन्हा मराठीत भाषांतर करावे. दोन्ही मराठी पाठ ताडून पाहिले की अर्थ कोठे घसरला ते उघड होते.

प्रश्नावली तयार झाल्यावर ती लगेच वापरू नये. मुख्य अभ्यासात नसलेल्या १५-२० रुग्णांवर तिची चाचणी घ्यावी. प्रत्येक उत्तरानंतर ‘या प्रश्नाचा अर्थ तुम्हांला काय वाटला?’ असे विचारावे. अर्थ निरनिराळे निघाल्यास दोष प्रश्नाचा समजावा, उत्तर देणाऱ्याचा नव्हे.

माहिती गोळा करण्याच्या पद्धतींची पारख

(अ) दवाखान्यातच रुग्णाची मुलाखत : ही सर्वांत स्वस्त पद्धत होय. परंतु येथे फक्त परत आलेले रुग्ण भेटतात. ज्यांना गुण आला नाही, जे अन्यत्र गेले, ज्यांच्याकडे एस.टी.च्या भाड्याला पैसे नव्हते, ते या मोजणीत नसतात. शिवाय वैद्यांविषयीच्या आदरापोटी उत्तर गोड होते. तत्काळ समज तपासण्यास ही पद्धत चालेल, आचरण तपासण्यास नाही.

(आ) छापील प्रश्नावली : २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७१ टक्के, तर स्त्रियांची सुमारे ६१ टक्के होती. आज हे प्रमाण वाढलेले असणार. तथापि आपल्याकडे येणाऱ्या वयोवृद्ध रुग्णांच्या पिढीत निरक्षरता अद्याप पुष्कळ आहे. अर्ज मुलाने किंवा नातवाने भरला तर उत्तर कोणाचे, हा प्रश्न उरतो.

(इ) मोबाईलवरील अर्ज : तरुण, शिकलेले आणि आपल्यावर प्रसन्न असलेले रुग्ण तो तत्परतेने भरतात. समजा, २०० रुग्णांना अर्ज पाठविला. ६० जणांनी उत्तर दिले आणि त्यांपैकी ५४ जणांची उत्तरे बरोबर आली. ‘९० टक्के रुग्णांना सूचना समजल्या’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण उरलेल्या १४० जणांचे काय? त्यांपैकी एकालाही समजले नसेल तर खरे प्रमाण २७ टक्के आणि सर्वांना समजले असेल तर ९७ टक्के. ज्या पाहणीचे उत्तर २७ ते ९७ यांमध्ये कोठेही असू शकते, तिने आपल्याला काहीच सांगितलेले नाही. अर्जांची प्रचंड संख्याही हा दोष झाकू शकत नाही. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ मध्ये अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठविल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत केले गेले, प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले.

(ई) दूरध्वनीवरून विचारणा : खर्च बेताचा आणि गावोगाव फिरण्याची गरज नाही. पण अनेक घरांत दूरध्वनी कर्त्या पुरुषाजवळ असतो आणि तो शेतात किंवा बाजारात असतो. स्त्री-रुग्णाचे उत्तर मग दुसऱ्याच्या तोंडून येते.

(उ) गृहभेट : हीत श्रम व खर्च सर्वाधिक, परंतु चमचा, डबी, उरलेल्या गोळ्या आणि स्वयंपाकघर हे सर्व प्रत्यक्ष दिसते. आचरणाच्या अभ्यासासाठी आम्ही हीच पद्धत प्रमाण मानतो. तिलाही ऋतूचे बंधन आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेरगावी जातात. त्या काळात केलेल्या गृहभेटींत तालुक्यातील गरीब कुटुंबेच नेमकी गळतात. पेरणी व कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी कोणी नसते. म्हणून भेटीची वेळ आधी ठरवून घ्यावी आणि घर बंद आढळल्यास किमान दोनदा पुन्हा जावे.

(ऊ) औषधी दुकानातील नोंदी : बिलांवरून फेरखरेदी केव्हा झाली हे कळते. या नोंदीत रुग्णाला कोणी खूश करण्याचा प्रश्न येत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र औषध विकत घेणे आणि पोटात जाणे यांत अंतर आहे. त्यामुळे ही नोंद दुजोरा देण्यासाठी वापरावी.

दवाखान्याच्या वहीवर विसंबून समाजाचे अनुमान करणे किती धोक्याचे आहे, याचे अत्यंत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, परंतु त्याआधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. रुग्णालयाच्या नोंदवहीत जे प्रश्न दिसत नव्हते ते घरोघरी होते.

पीककापणीचा धडा

सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नमुना-पाहणीशास्त्रातील जगन्मान्य नाव. १९४० च्या दशकात पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज काढण्यासाठी शेतातील छोटा तुकडा आखून त्यातील पीक कापून मोजले जाई. तुकडा फार लहान असला तर उत्पन्नाचा अंदाज वाढीव येतो, हे सुखात्मे यांनी दाखवून दिले. कारण साधे होते. सीमेवरील रोप आत धरावे की बाहेर, असा संभ्रम पडला की मापणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या मानाने सीमा मोठी आणि म्हणून चूकही मोठी.

शेतकरीबहुल तालुक्यातील वाचकांस हे सहज पटेल. आपल्या अभ्यासातही अशी सीमेवरची रोपे असतात. ‘बहुतेक वेळा घेतले’, ‘थोडेफार पथ्य पाळले’ अशी उत्तरे देणारा रुग्ण यशस्वी धरावा की अयशस्वी? निकष आधी लिहून ठेवलेला नसेल तर आपला हात त्याला नकळत आत ओढतो. म्हणून यशाची व्याख्या पहिल्या रुग्णाची भेट घेण्यापूर्वीच लेखी असावी आणि नंतर तिच्यात बदल करू नये.

जाफराबाद तालुक्यासाठी एक आराखडा

वरील विवेचन प्रत्यक्षात कसे उतरवावे याचा नमुना पुढे देत आहोत.

१. गट कसे करावेत? एकाच दवाखान्यातील निम्म्या रुग्णांना पत्रिका आणि निम्म्यांना तोंडी सूचना देणे सोयीचे वाटते. परंतु एकाच गावचे रुग्ण पारावर भेटतात, पत्रिका एकमेकांना दाखवितात. शिवाय परत वदवून घेण्याची सवय लागलेला वैद्य दुसऱ्या रुग्णाच्या वेळी ती विसरू शकत नाही. म्हणून संपूर्ण दवाखाना हाच घटक धरावा. शहरातील दवाखान्यांची एक यादी आणि टेंभुर्णी, माहोरा यांसारख्या गावांतील दवाखान्यांची दुसरी यादी करून दोन्हींतून सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत. ‘ज्यांना उत्साह आहे त्यांनी पत्रिका घ्यावी’ असे कदापि करू नये. तसे केल्यास पत्रिकेचा परिणाम आणि उत्साही वैद्याचा परिणाम वेगळे करता येणार नाहीत.

२. किती रुग्ण? केवळ प्रमाण जाणून घ्यावयाचे असेल तर रूढ सूत्र सोपे आहे : अपेक्षित टक्केवारी, शंभरातून ती वजा करून उरलेली टक्केवारी आणि ४ यांचा गुणाकार करून त्यास चालणाऱ्या चुकीच्या वर्गाने भागावे. ५० टक्के अपेक्षित आणि १० टक्क्यांची चूक चालणार असेल तर ४ × ५० × ५० ÷ १०० = १०० रुग्ण. ५ टक्क्यांचीच चूक हवी असेल तर ४००. आपल्या प्रश्नात मात्र दोन गटांची तुलना आहे. अचूक सेवन ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर जाते की नाही हे पुरेशा खात्रीने पाहण्यास प्रत्येक गटात सुमारे १०० रुग्ण लागतात. एका दवाखान्याचे रुग्ण एकमेकांसारखे असल्याने ही संख्या वाढवावी लागते. प्रत्येक दवाखान्यातून १० रुग्ण घेतले आणि परस्परसाम्याचा अंक ०.०५ धरला तर वाढीचा गुणक १ + (९ × ०.०५) = १.४५ येतो. म्हणजे प्रत्येक गटात १४५ रुग्ण, अर्थात १५ दवाखाने. काही रुग्ण भेटणार नाहीत हे गृहीत धरून प्रत्येक ठिकाणी ११ रुग्ण घ्यावेत. ३० दवाखान्यांत मिळून ३३० रुग्ण होतील. तालुक्यात तेवढे दवाखाने सहभागी होत नसतील तर भोकरदन व देऊळगाव राजा येथील बंधूंना सामील करून घ्यावे.

३. रुग्ण कोणते? ठरलेल्या दिवसापासून क्रमाने येणारे पहिले ११ पात्र रुग्ण घ्यावेत. ओळखीचे, समजूतदार किंवा जवळ राहणारे निवडू नयेत. केवळ आठवडी बाजाराच्या दिवशी नोंदणी करू नये. त्या दिवशी दूरच्या खेड्यांतील रुग्ण अधिक आणि प्रत्येकास मिळणारा वेळ कमी असतो.

४. मोजमाप कसे? दहाव्या दिवशी गृहभेट. भेट देणाऱ्यास रुग्ण कोणत्या गटातील आहे हे ठाऊक नसावे आणि तो उपचार करणाऱ्या वैद्यांच्या दवाखान्यातील कर्मचारी नसावा. गोळ्यांची मोजणी करावयाची असल्यास नेमक्या गोळ्या देऊ नयेत. दिवसातून दोनदा दोन गोळ्या दहा दिवसांसाठी म्हणजे ४० लागतात, तेथे ५० द्याव्यात. १० उरल्या तर सेवन पूर्ण, १८ उरल्या तर ४० पैकी ३२ म्हणजे ८० टक्के. एकही उरली नसेल तर जादा सेवन झाले किंवा गोळ्या शेजारी वाटल्या गेल्या, हेही कळते. मात्रा, काल, अनुपान आणि गोळ्यांची मोजणी या चारही बाबी आधी ठरविलेल्या मर्यादेत असतील तरच ‘अचूक सेवन’ मानावे.

५. मापणारे सारखे आहेत काय? दोन पाहणीकारांनी त्याच ५० रुग्णांची स्वतंत्र तपासणी करावी. समजा, प्रत्येकाने ३५ जणांना ‘अचूक’ ठरविले आणि ४० जणांविषयी दोघांचे एकमत झाले. एकमत ८० टक्के दिसते. परंतु इतक्या रुग्णांना ‘अचूक’ ठरविणाऱ्या दोन व्यक्तींचे निव्वळ योगायोगानेही ५८ टक्के एकमत झाले असते. योगायोग वजा करून काढलेल्या मापास कप्पा म्हणतात. तो येथे (८० − ५८) ÷ (१०० − ५८) म्हणजे सुमारे ०.५२ येतो. हे एकमत मध्यमच होय. अशा वेळी पाहणीकारांचे पुन्हा प्रशिक्षण करून मगच अभ्यास सुरू करावा.

६. संमती व सुरक्षितता : जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची पूर्वमान्यता घ्यावी आणि अभ्यासाची नोंदणी २००७ पासून कार्यरत असलेल्या भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदणीकक्षाकडे पहिल्या रुग्णापूर्वी करावी. रुग्णास त्याच्या भाषेत सर्व समजावून लेखी संमती घ्यावी. नकार दिल्यास उपचारात तसूभरही फरक पडणार नाही, हे स्पष्ट सांगावे. नाव व दूरध्वनी क्रमांक वेगळ्या वहीत कुलूपबंद ठेवावेत. गृहभेटीत औषधाचा त्रास होत असल्याचे किंवा रुग्णाने मधुमेह, रक्तदाब यांची चालू औषधे स्वतःच्या मनाने बंद केल्याचे आढळले, तर अभ्यास बाजूला ठेवून त्याच दिवशी संबंधित वैद्यांस कळवावे. रुग्णाचे हित प्रथम, आकडे त्यानंतर.

निष्कर्ष लिहिताना

केवळ पत्रिका देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर एकाच गटाची तुलना करून ‘सुधारणा झाली’ असे लिहू नये. दरम्यान ऋतू बदलतो, पेरणीची घाई संपते, आपल्यावर लक्ष आहे हे कळल्याने रुग्ण अधिक काळजी घेतो. दुसरा गट असल्याखेरीज यांचा परिणाम वेगळा काढता येत नाही. किती रुग्ण निवडले, किती भेटले आणि किती का भेटले नाहीत, हे प्रत्येक अहवालात प्रथम द्यावे. रुग्ण ज्या गटात नोंदला गेला त्याच गटात शेवटपर्यंत मोजावा. मग एखाद्या दवाखान्यात पत्रिका संपल्यामुळे ती त्याला मिळाली नसली तरीही. व्यवहारात पत्रिका संपतातच आणि आपल्याला व्यवहारातील उत्तर हवे आहे.

पत्रिकेचा उपयोग झाला नाही असे आढळल्यास तोही निष्कर्ष तितक्याच ठळकपणे प्रसिद्ध करावा. अनुकूल तेवढे छापावयाचे आणि प्रतिकूल दडवावयाचे, ही प्रथा पडली तर आपल्या नियतकालिकांतील एकही आकडा विश्वासार्ह राहणार नाही.

उपसंहार

मोठ्या संस्थांची साधने आपल्याजवळ नाहीत. परंतु रुग्णाच्या घराचा उंबरठा आपल्यासाठी मोकळा आहे आणि तो मोठ्या संस्थांसाठी सहसा मोकळा नसतो. एक वजनकाटा, छापील नोंदपत्रे, दोन प्रशिक्षित पाहणीकार आणि तीस दवाखान्यांची एकवाक्यता एवढ्या भांडवलावर वरील अभ्यास होऊ शकतो. औषधी दुकानदार बंधूंनी आपल्या दुकानांतील फेरखरेदीच्या नोंदी, रुग्णाची संमती घेऊन, उपलब्ध करून दिल्यास त्यास मोलाचा दुजोरा मिळेल.

यापुढे कोणत्याही सभेत एखादी टक्केवारी ऐकू आली, मग ती आपल्या बाजूची असो वा विरोधातील, तर वाचकांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत : कोणाला विचारले? काय शब्दांत विचारले? किती काळाविषयी विचारले? आणि जे भेटले नाहीत त्यांचे काय केले? रुग्ण ‘बरे वाटते’ म्हणाला तरी आपण नाडी, जिव्हा, मल-मूत्र पाहिल्याखेरीज औषध बंद करीत नाही. आकड्यांनाही तीच कसोटी लावावी, एवढीच विनंती.